'काहून गा' म्हणेल तो आपला

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोबाईलच्या पाठीवर मी एक कागदी पट्टी चिकटवायचो. पट्टीवर गिऱ्हाइकाचं नाव, काय बिघडलं ते, आणि त्याखाली नऊ ठिपके. तीन ओळी, एकेका ओळीत तीन. गिऱ्हाइकानं पेन घ्यायचा आणि फोन उघडताना आपलं बोट ज्या वाटेनं फिरतं ती रेघ त्या ठिपक्यांतून ओढून द्यायची. काम झाल्यावर फोन उघडून तपासावा लागतो, त्यासाठी हे. बायको जवळ आली की फोन उपडा ठेवणारे नवरे आणि पोराबाळांना फोनला हात न लावू देणाऱ्या बाया, सगळे माझ्यासमोर आणि दुकानात उभ्या असलेल्या आणखी चार जणांसमोर रेघ ओढून मोकळे व्हायचे. पेन सापडला नाही तर मोठ्यानं सांगायचे. "लिहा भाऊ, एक-दोन-तीन-चार. अन् त्यानं नाही उघडला तर चार शून्य."

आमच्या अर्ध्या नंदनवन वस्तीची कुलपं अशी माझ्या टेबलावर उघडी पडलेली असायची. मी पापभीरू म्हणून निभावलं, गिऱ्हाइकं सावध होती म्हणून नव्हे. गेल्या वर्षी दुकान बंद केलं. आता या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून 'मोबाईल वापरताना घ्यावयाची काळजी' या विषयावर दहा मुद्दे हवे आहेत. मुद्दे मी झोपेतही सांगू शकतो. पण मुद्दे सांगण्याच्या या खोडीपायीच माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती सांगतो. दहा मुद्दे कुठेही छापून येतात.

आधी धंद्याबद्दल थोडं. माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. धागा तुटला की अशी गाठ मारायचे की बोट फिरवून पाहिलं तरी हाताला लागू नये. मी तेच केलं, फक्त भिंगाखाली. मोबाईलच्या आतल्या पाटीवर तांब्याच्या बारीक वाटा असतात. त्यातली एखादी तुटली की केसाएवढी तार टाकून जोडायची. आम्ही तिला जंपर म्हणतो. वडिलांनी एकदा शेजारी बसून पाहिलं आणि म्हणाले, "माहंच काम करून राहिला गा तू. फक्त लुगडं दिसत नाही." त्यांच्याकडून आलेली एवढी एकच शाबासकी माझ्या जमेला आहे.

काच आणि तिच्या मागचा पडदा एकत्र येतो, त्याला आमच्या बाजारात फोल्डर म्हणतात. एका गृहस्थांना मी म्हटलं, "साहेब, फोल्डर बदलावा लागेल." ते दचकले. "तो नको हो, त्यात आमच्या काश्मीरच्या सहलीचे फोटो आहेत." समजावून सांगितलं, तरी जाताना म्हणाले, "बदला, पण फोटो बघू नका." मी पाहिले नाहीत. पट्टीवर त्यांनी ओढलेली रेघ मात्र इंग्रजी झेडची होती, निम्म्या शहराची असते तशी.

नागपूरचा उन्हाळा माझ्या धंद्याला फार मानवायचा. मे महिन्यात फोन तापतो आणि आपणहून बंद पडतो. मग माणूस त्याला हवा लागावी म्हणून कूलरवर ठेवतो. कूलर थरथरतो, फोन सरकतो, आणि मागची जाळी काढलेली असली की थेट टाकीत. बाहेर काढून तो तांदळाच्या डब्यात पुरतात, कारण तसं कुणीतरी ग्रुपवर सांगितलेलं असतं. चार दिवसांनी माझ्याकडे येतो तेव्हा आत पाणीही असतं आणि चार्जिंगच्या तोंडात कण्याही. मी टाचणीनं कण्या काढल्या आहेत. एका काकूंनी त्या पुडीत बांधून मागितल्या होत्या.

प्रताप नगरातल्या एका सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर राहतात. सोसायटीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर होता. त्याच्या किरणांनी डोकं दुखतं, चिमण्या मरतात आणि कुंड्यांतला मोगरा फुलत नाही, असं त्यांनी सिद्ध केलं. सह्या गोळा केल्या, टॉवर काढायला लावला, पेढे वाटले. आठव्या दिवशी साहेब माझ्या काउंटरवर. "घरात फोन लागत नाही. अँटेना गेला असेल."

"गेलाच आहे साहेब," मी म्हटलं. "तुम्हीच ट्रकमध्ये चढवून दिला."

त्यांना हसू आलं नाही. टॉवर हवाच, पण पलीकडच्या सोसायटीवर, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मी त्यांच्याकडे कामाला गेलो तेव्हा ते गच्चीत उभे होते. टॉवर जिथे होता नेमक्या त्याच चौथऱ्यावर उभं राहून बोलायचे. तिथे सिग्नलच्या दोन दांड्या येतात म्हणाले. हेच साहेब रोज सकाळी दोनशे लोकांना 'सावधान!' असा मेसेज पाठवायचे. अनोळखी लिंक उघडू नका, अधिक माहितीसाठी खालील लिंक उघडा. ती लिंक त्यांच्याही ओळखीची नसायची.

त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं मला फोनवरच्या फसवणुकीबद्दल बोलायला बोलावलं. माझं आयुष्यातलं पहिलं भाषण. मी म्हटलं, चोराचा फोन कसा येतो? 'सर, मैं हेड ऑफिस से बात कर रहा हूँ.' 'मॅडम, आपला नंबर बंद होणार आहे.' आता सांगा, नागपुरात आपल्याला सर आणि मॅडम कोण म्हणतं? घरात कुणी म्हणत नाही, बाजारात कुणी म्हणत नाही. इतक्या गोडीनं कुणी बोललं की समजावं, आपल्या खिशाकडे लक्ष आहे. म्हणून माझा नियम सोपा आहे. 'सर-मॅडम' म्हणेल तो चोर, 'काहून गा' म्हणेल तो आपला!

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. डोक्यात वारं शिरायला माणसाला एवढंही पुरतं. मी पेंटरला गाठलं आणि तो नियम पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत रंगवून दुकानात लावला. लोक पाटीचे फोटो काढायचे. माझा चेहरा त्यात यावा म्हणून मी जरासा डावीकडे सरकायचो.

मेश्राम सिस्टरनी फोटो काढला नाही. त्यांनी तो नियम वहीत उतरवून घेतला.

मेश्राम सिस्टर म्हणजे आमच्या वस्तीतल्या दवाखान्याच्या निवृत्त नर्स. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, पांढऱ्या साडीची सवय अजून सुटलेली नाही. माझ्यापासून माझ्या पुतण्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सुया टोचल्या आहेत. त्यांनी दारात उभं राहून "चाल" म्हटलं की बाई हातातलं पीठ तसंच ठेवून लेकराला घेऊन निघायची. काहून, कशाला, असं विचारायची रीत नव्हती. सिस्टरकडे घर होतं, पेन्शन होतं, भिलाईला लेक होती. पण त्यांची खरी मिळकत ती होती. त्यांनी बोलावलं की माणसं यायची.

निवृत्तीनंतर विहारातल्या महिला मंडळाचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यासाठी फोन. तो शिकायला त्या माझ्याकडे यायच्या. मी सांगेन ते वहीत लिहायच्या, खाली रेघ मारायच्या. पट्टीवर रेघ ओढायला मी पेन पुढे केला तेव्हा एवढ्या वर्षांत त्या एकट्याच म्हणाल्या, "दाखवू काहून? तुले उघडून देतो ना मी, माह्यासमोर काम कर." आणि स्टुलावर दोन तास बसून राहिल्या. माझ्या अख्ख्या गिऱ्हाइकीत सगळ्यात सावध माणूस त्याच होत्या. हे ध्यानात ठेवा.

होळीनंतरच्या एका दुपारी त्यांना फोन आला. केसपेपर वाचावा तसं त्यांनी मला नंतर ते ओळीनं सांगितलं.

"काहून वं मावशी, फोन काहून नाही उचलत?"

"कोण बोलून राहिलं?"

"टॉवरवाला वं. तुमच्या इकडचा टॉवर बदलून राहिलो. तुमचा फोन बंद पडन, म्हणून लावला. सहा आकडे आले असन पहा. तेवढे वाचून दाखवा ना मावशी. ऊन गजब तापून राहिलं, वर चढून आहो मी."

सिस्टर म्हणाल्या, "थांब गा, चष्मा लावतो. पहिले उतरून पाणी पे. असं उन्हात चढू नाही." आणि सहाच्या सहा आकडे त्यांनी त्याला नीट, सावकाश, दोनदा वाचून दाखवले.

बाहेरच्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. आमच्याकडे 'काहून' म्हणजे का, आणि आपलेपणानं पुरुषाला 'गा', बाईला 'वं' म्हणतात. मेसेजचं खातं दुसऱ्या फोनवर उघडायचं तर असे सहा आकडे लागतात. ते दिले की खातं त्याचं. तुमचं नाव, तुमचा फोटो, तुमचे ग्रुप, आणि लिहिणारा तो. अर्ध्या तासात महिला मंडळाच्या ग्रुपवर सिस्टरच्या नावानं मेसेज गेला. मी अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा, नंतर सांगते. आमच्या बायांनी काय करावं? सिस्टर बोलावतात म्हटल्यावर जे आयुष्यभर केलं तेच केलं. पाच-सहा जणींनी हातातलं पीठ तसंच ठेवून पाठवले.

चोरांनाही आई असते आणि ती नागपूरची असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी खातं परत मिळवून दिलं. सिस्टर घरोघरी जाऊन माफी मागून आल्या, पेन्शनमधून भरून देते म्हणाल्या. एकीनंही बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या मागची पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली.

"त्यानं मले 'वं' म्हटलं," त्या म्हणाल्या.

"हो सिस्टर."

"तूच लिहून ठेवलं होतं."

एवढंच. 

शहाण्या माणसानं यानंतर पाटी काढली असती आणि तोंड मिटून भिंगाखाली डोकं घातलं असतं. मी पाटी काढली, आणि नवी रंगवली. या वेळी अक्षरं निळी. 'आवाज कुणाचाही असो, आधी प्रश्न विचारा.' म्हणजे ज्याचं उत्तर खऱ्या माणसालाच ठाऊक असेल असा प्रश्न. नियम म्हणून आजही त्यात चूक निघणार नाही. सिस्टरनी तोही वहीत लिहिला, आणि पौर्णिमेला विहारात उभं राहून सगळ्यांना सांगितला. "आजपासून माह्या नावानं काही आलं का पहिले मले प्रश्न इचारा. बराबर उत्तर आलं तरच माना." ज्या बाईला आयुष्यात कुणी 'कशाला' असं विचारलं नव्हतं, तिनं स्वतःच्या तोंडानं हे सांगितलं. इंजिनिअर साहेबांनी माझ्या निळ्या पाटीचा फोटो 'अत्यंत उपयुक्त' असं लिहून दोनशे लोकांना पाठवला.

मग मे महिना आला. दुपारचे दोन. अशा वेळी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंही नसतं. दारं लावलेली, पडदे ओढलेले, घराघरात कूलर घरघरत असतात. सिस्टर पाइपानं कूलरमध्ये पाणी भरत होत्या. पाणी खाली सांडलं, पाय घसरला, आणि खुब्याचं हाड मोडलं. नर्सच त्या, काय मोडलं ते पडल्यापडल्याच कळलं. त्यांनी हाका मारल्या. प्रत्येक घरात कूलर चालू असताना हाक कुणाला ऐकू जाणार? फोन गळ्यातल्या कापडी पिशवीत होता. एकेकीला फोन लावण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच कळवावं म्हणून त्यांनी ग्रुपवर आवाजात निरोप टाकला. "मी पडली. उठता येऊन नाही राहिलं. कोणीतरी या."

पहिलं उत्तर आलं ते धोक्याच्या लाल त्रिकोणाचं. दुसरं असं, "सिस्टर, राग मानू नका, नियमाप्रमाणे विचारते. तुमच्या आईचं नाव काय?"

सिस्टरनी ओल्या फरशीवर पडल्यापडल्या आईचं नाव टाकलं.

मागच्या पौर्णिमेला खीर कुणी केली होती? सांगितलं. माझ्या मोठ्या सुनेचं माहेर कुठलं? सांगितलं. माझी धाकटी कोणत्या दवाखान्यात झाली? सांगितलं, वरून बाळाचं वजनही सांगितलं. तेव्हा एकीनं लिहिलं, "हे सगळं ग्रुपवर आधी येऊन गेलेलं आहे. चोरानं वाचलं असेल. अवघड विचारा." मग अवघड सुरू झाले. त्यात कुणाची मस्करी नव्हती. उलट प्रत्येक जणी आपल्या सिस्टरचं नाव चोरापासून राखत होती. सातव्या प्रश्नानंतर सिस्टरनी ग्रुपवर उत्तरं देणं सोडलं आणि मला फोन लावला.

मी दुकानात, कूलरच्या टाकीतून निघालेल्या एका फोनवर वाकलेलो. समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"ये लवकर गा," आवाज आला. "मी पडली."

आवाज सिस्टरचा होता, पण फाटलेला, दूरचा. आठवड्यापूर्वीच इंजिनिअर साहेबांचा मेसेज आला होता की आता कॉम्प्युटर कुणाचाही आवाज काढतो. समोर गिऱ्हाइकं, मागे माझीच निळी पाटी. माझ्यातला जाणकार जागा झाला.

"सिस्टर, राग मानू नका. एक प्रश्न विचारतो."

पलीकडे फक्त कूलरची घरघर आणि पाणी पडल्याचा आवाज. तेवढ्यावरून तरी माणसानं ओळखायचं की नाही? मी नाही ओळखलं.

"इचार," त्या म्हणाल्या.

मी मुद्दाम वाकडा प्रश्न टाकला. "माझ्या लहानपणी तुम्ही आमच्या घरी येऊन माझ्या आईला सुई टोचली होती. कोणत्या हातावर?"

"तुह्या आईले नाही टोचली," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "तुलेच टोचली. डाव्या हातावर. तुह्या बापानं माग थांबवून तुले धरलं होतं. तू एवढा रडला, एवढा रडला, अन् लाथ मारून मागावरचा धागा तोडला."

मी धावलो. दुकान तसंच उघडं टाकून, भिंग कपाळावर, अनवाणी. मागच्या अंगणाचं दार नुसतं लोटलेलं होतं. सिस्टर पाण्यात पडल्या होत्या, पाइप अजून वाहत होता. पांढरी साडी भिजून अंगाला चिकटलेली, चेहरा चुन्यासारखा. हातातला फोन टिंग टिंग वाजत होता. पडद्यावर माझी नजर गेली. "सिस्टर, आता शेवटचाच प्रश्न."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"झाली का गा मी पास?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होत्या? सिस्टर म्हणाल्या, दीड तास. डॉक्टर म्हणाले, फोन नव्हता का जवळ?  संध्याकाळपर्यंत मंडळातली एकूण एक बाई डबा घेऊन आली होती आणि एकीलाही दुसरीकडे बघवत नव्हतं. मी बाहेर पायरीवर बसून रडलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शाल-नारळ मिळालेला.

ऑपरेशन झालं. सिस्टर आता वॉकर घेऊन चालतात. भिलाईची लेक न्यायला आली होती, गेल्या नाहीत. माझी निळी पाटी मी स्वतः काढली. दिवाळीच्या आधी दुकानही बंद केलं. डोळ्यांनी दगा दिला असं सगळ्यांना सांगतो, आणि ते निम्मं खरं आहे. इंजिनिअर साहेब अजून दोन दांड्यांसाठी चौथऱ्यावर चढतात. ग्रुपवर सिस्टर काही टाकत नाहीत. पौर्णिमेचा निरोप द्यायचा असला की वॉकर टेकत घरोघरी जातात, दारात उभ्या राहून "या" म्हणतात. बाया येतात.

फोन त्या फक्त मला करतात. आवाज बारीक झाला, अक्षर लहान झालं, अशी कामं असतात. मी उचलून 'बोला सिस्टर' म्हणतो, पण त्या लगेच बोलत नाहीत.

"थांब," म्हणतात. "पहिले सांग, माह्या सुईले कोण रडलं होतं?"

त्यांना विसर पडत नाही. दर वेळी विचारतात, आणि मीही दर वेळी उत्तर देतो.

"मी, सिस्टर. मीच रडलो होतो."